‘टी फॉर टू’ काळी चारमध्ये की पांढरी सहामध्ये? मुंबईतला जॅझ, जुन्या तबकड्या आणि माझा डावा हात

परवा एका ज्युनियरने विचारलं, "ताई, तुझी पीएचडी ध्वनिकीत आहे ना? मग रोज रात्री पियानो का बडवत बसतेस?" प्रश्न रास्त होता. शेजारच्या काकूंनीही तोच विचारलाय, फक्त थोड्या वेगळ्या सुरात. त्याचं उत्तर द्यायला मला माझ्या दुसऱ्या प्रकरणाची गोष्ट सांगावी लागेल. त्या प्रकरणाची अडीच पानं मी स्वतःच्या हाताने खोडली, आणि ती का खोडावी लागली हे पियानोवर बसल्याशिवाय मला कळलंच नसतं. तुमच्यापैकी बरेच जण सेट-नेटच्या किंवा पेटच्या तयारीत आहात. ‘साधनांची चिकित्सा’ हा शब्द तुम्ही पाठ केला असेल. तो प्रत्यक्षात किती चावतो ते या लेखात बघा.

आधी विषय थोडक्यात सांगते. मी भौतिकशास्त्रात एमएस्सी केलं. आता जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांवरून स्वरांची उंची आणि लय कशी काढायची, यावर काम करते. त्यातला एक तुकडा १९३० आणि ४०च्या दशकांत आपल्याकडे वाजत असलेल्या जॅझचा आहे. नाशिकमध्ये बसून जॅझ म्हटलं की लोक हसतात. पण दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर, पंचवटी एक्सप्रेसने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल एवढ्या अंतरावर, एके काळी आशियातला उत्तम जॅझ वाजत होता.

१९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी नावाचा आफ्रिकन-अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पुढच्या वर्षी कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथच्या बँडबरोबर एक पियानोवादक आला, टेडी वेदरफर्ड. जन्म १९०३, व्हर्जिनिया. शिकागोत तो व्हेंडोम नावाच्या थिएटरच्या वाद्यवृंदात होता, अर्स्किन टेट यांच्या हाताखाली. मूकपट चालू असताना समोर बसून वाजवायचं, हे काम. दादासाहेब फाळके इथे नाशिकमध्ये मूकपट काढत होते त्याच काळातली ही गोष्ट. त्या वाद्यवृंदात त्याच्याबरोबर लुई आर्मस्ट्राँगही होता, आणि मे १९२६ मध्ये दोघांनी टेटच्या बँडबरोबर एका तबकडीच्या दोन बाजू मुद्रित केल्या. त्याच वर्षी वेदरफर्ड बोटीने आशियाकडे निघाला. पुढे शांघाय, मग मुंबई, मग कलकत्ता. एप्रिल १९४५ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला, वय एक्केचाळीस. आर्मस्ट्राँग जगभर माहीत झाला. वेदरफर्ड तळटिपेत राहिला. शिकागोत राहिला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न इतिहासात विचारायचा नसतो हे मला माहीत आहे. तरी दर वेळी मनात येतोच.

१९३७ मध्ये पॅरिसला जाऊन त्याने सोलो पियानोच्या काही बाजू मुद्रित केल्या. सोबत बँड नाही, ढोल नाही, एकटा माणूस आणि एक पियानो. त्यात एक गाणं आहे ‘टी फॉर टू’. मी शिकत्येय ते हेच गाणं. (माझ्या खोडलेल्या पानांची भानगड या बाजूबद्दल नाही. ती दुसऱ्याच एका बाजूबद्दल आहे. ती कुणाची ते इथे लिहीत नाही, कारण प्रकरण अजून तपासणीला गेलेलं नाही.)

‘स्टँडर्ड’ म्हणजे काय ते आपल्या भाषेत सांगते. जॅझवाल्यांचा असा एक सामायिक साठा असतो, जो सगळ्यांना येतो असं गृहीत धरलेलं असतं. आपल्याकडे ख्यालातल्या प्रसिद्ध बंदिशी जशा. अनोळखी तिघं स्टेजवर भेटली तरी गाण्याचं नाव आणि पट्टी सांगितली की सुरू करता येतं. ‘टी फॉर टू’ हे व्हिन्सेंट यूमन्सने चाल दिलेलं गाणं, शब्द अर्व्हिंग सीझरचे, साल १९२४, ‘नो, नो, नॅनेट’ या संगीत नाटकातलं. नाटक आज कुणी बघत नाही. गाणं मात्र शंभर वर्षं झाली तरी वाजतंय. १९२७ मध्ये शोस्ताकोविचने कंडक्टर माल्कोशी पैज लावून, एकदा ऐकून, तासाभराच्या आत त्याचं ऑर्केस्ट्रासाठी रूपांतर लिहिलं होतं. १९३३ मध्ये आर्ट टेटमने ते असं वाजवलं की इतर पियानोवादकांनी म्हणे धसका घेतला.

गाण्याची रचना ३२ मात्राखंडांची, म्हणजे बारची. आठ-आठचे चार भाग. प्रत्येक बारमध्ये चार ठोके. म्हणजे एक आवर्तन १२८ ठोक्यांचं. मूळ छापील पट्टी ए फ्लॅट, आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत काळी चार. आता गंमत बघा. पहिले आठ बार काळी चारमध्ये जातात. नवव्या बारला तीच चाल अचानक पांढरी एकमध्ये उडी मारते. काळी चारला सा धरलात तर पांढरी एक हा त्याचा शुद्ध गंधार. म्हणजे आठ बार जो ग होता तो नवव्या बारला सा होऊन बसतो! आठ बार झाले की परत पूर्वीच्या सा वर. शिवाय गाणं सुरू होतं तेच सा च्या स्वरसंघावर नाही. आधी रिषभावरचा, मग पंचमावरचा, आणि तिसऱ्या बारला कुठे घरी येतं. पेटीवर लहानपणापासून वाजवणाऱ्या माणसाला हे सगळं पायाखालची सतरंजी ओढल्यासारखं वाटतं. मला वाटलं.

आणि इथे माझी मोठी अडचण आली, ती म्हणजे डावा हात. मी घरी पेटी शिकले. पेटीत डावा हात भात्यावर असतो. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकात मांडी घालून वाजवायची, हाताने भाता मारायची पेटी बनवली. ती आपल्याकडे घरोघर गेली, आणि त्याबरोबर एक गोष्ट ठरून गेली : आपण एका हाताने वाजवणारे. गायकाच्या मागे जायचं तर एक हात पुरतो, उलट तेच सोयीचं. आपल्या संगीत नाटकांत पायपेटी होती, तिच्यावर दोन्ही हात मोकळे असतात. पण घराघरात पोचली ती हातपेटीच. त्यामुळे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मला कळलं की माझ्या डाव्या हाताला वीस वर्षं फक्त हवा भरायला शिकवलंय.

वेदरफर्डच्या पिढीचा सोलो पियानो तर डाव्या हातावरच उभा आहे. या शैलीला स्ट्राइड म्हणतात, म्हणजे ढांगा टाकणं. पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्याला डावा हात खाली जाऊन खर्जातला स्वर देतो, दुसऱ्या आणि चौथ्याला वर उडी मारून स्वरसंघ वाजवतो. म्हणजे तबल्याचा डग्गा, तानपुरा आणि साथीची पेटी हे तिघं एकाच हातात. उजवा हात मोकळा, तो चाल म्हणतो आणि तिच्यावर खेळतो. चांगला स्ट्राइडवाला खर्जात नुसता एक स्वर देत नाही, ‘दहावा’ देतो. म्हणजे सा बरोबर वरच्या सप्तकातला ग, एकाच वेळी. पांढऱ्या पट्टीची रुंदी साधारण २३.५ मिलिमीटर. दहा पट्ट्या म्हणजे काठापासून काठापर्यंत २३५ मिलिमीटर. पट्टीने माझा पंजा मोजला, पूर्ण ताणून. नववी पट्टी जेमतेम येते, दहावी नाही. आमचे पियानोचे सर (नाशिकरोडला राहतात, मूळ गोव्याचे, सत्तरी ओलांडलेली) म्हणाले, "मग तोडून वाजव. सा आधी, ग नंतर. ज्यांचे हात लहान ते सगळे असंच करायचे. पण ठोका चुकवायचा नाही." हे ‘ज्यांचे हात लहान ते’ मला फार आवडलं. कुठल्याच पुस्तकात मिळालं नव्हतं.

सरांमुळेच मला इतिहासाचा एक गैरसमज लक्षात आला. जॅझ म्हणजे कानाने शिकायचं संगीत, कागदाशी त्याचं काही देणंघेणं नाही, अशी माझी समजूत होती. अमेरिकेतल्या गोष्टी वाचून झालेली. मुंबईत चित्र उलटं होतं. ताजमधल्या आणि इतर हॉटेलांमधल्या बँडमध्ये बसलेले कितीतरी वादक गोव्याचे, आणि गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चला जोडलेल्या शाळा होत्या. ‘एस्कोला पारोकियाल’. तिथे मेस्त्री मुलांना आधी सोल्फा शिकवायचा, म्हणजे स्वरलिपी बघून तोंडाने गायची, आणि मग हातात व्हायोलिन द्यायचा. त्यामुळे आल्डोन्याचा अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, ज्याला लोक मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत, किंवा कुडचड्याचे फ्रँक फर्नांड, ही माणसं कागद वाचत मोठी झालेली. अमेरिकेतून छापील बँड-स्कोअर आले की समोर ठेवून वाजवता येत. वाचता येत नव्हतं ते वेगळंच : तो झोल, ती लय, ठोक्याच्या किंचित मागे राहणं. ते स्वरलिपीत लिहिताच येत नाही. त्यासाठी तबकडी ऐकायची, पुन्हा ऐकायची, आणि शेजारी वेदरफर्डसारखा माणूस बसला असेल तर त्याच्या हाताकडे बघायचं.

थोडक्यात, सांगाडा कागदावरून आणि मांस कानावरून. आपल्याकडे हा वाद जुना आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी (अखेरच्या काळात ते इथे नाशिकलाच आश्रम करून होते) आणि भातखंड्यांनी आपापल्या स्वरलिपी काढल्या, तेव्हाही हाच आक्षेप होता की बंदिश कागदावर येते, गायकी येत नाही. आक्षेप खरा आहे. पण त्यावरून कागद निरुपयोगी ठरत नाही, एवढंच ठरतं की कागद कशाचा पुरावा आहे आणि कशाचा नाही.

या वाचता येण्याचा पुढचा परिणाम तुम्ही सगळ्यांनी ऐकलेला आहे. हिंदी सिनेमाच्या संगीतकारांना चाल सुचायची, पण साठ-सत्तर वादकांसाठी ती लिहायची कुणी? गोव्याच्या या मंडळींनी. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांच्याबरोबर चिक चॉकलेट काम करत होता. १९५१च्या ‘अलबेला’मध्ये तो आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसतो. सेबॅस्टियन डिसोझांनी ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांच्यासाठी वाद्यरचना केल्या. मजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. हा सगळा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, इथे थांबते, नाहीतर माझी अडीच पानं राहून जातील.

तर ती अडीच पानं.

मला एका संग्राहकाकडून ‘टी फॉर टू’ची एक जुनी सोलो पियानोची बाजू मिळाली, एमपी३ स्वरूपात. मी सॉफ्टवेअरला घातली, स्वर काढले. पहिले आठ बार ए मध्ये निघाले, म्हणजे पांढरी सहा. मधला भाग काळी एकमध्ये. छापील प्रतीपेक्षा बरोबर अर्धा स्वर वर. मला केवढा आनंद झाला! पियानोवादकाने पट्टी बदलली होती आणि मला त्याचं कारण शोधायचं होतं. कारण मिळालंही. व्हायोलिनच्या मोकळ्या तारा म्हणजे जी, डी, ए, ई. ए ही पट्टी व्हायोलिनवाल्यांच्या बोटांखाली आपोआप बसते, ए फ्लॅट बसत नाही. मुंबईतले हॉटेल-बँड गोव्याच्या व्हायोलिन परंपरेतले. त्यांच्याबरोबर रोज रात्री वाजवून पियानोवाल्याच्या हाताला ए ची सवय लागली, आणि एकटा वाजवतानाही ती सवय राहिली. अडीच पानं. एक आकृती. एक सुंदर शेवट. मी ते मॅडमना पाठवलं.

मॅडमनी पूर्ण वाचलं की नाही माहीत नाही. एका ओळीचं उत्तर आलं : "वेग कुणी तपासला?"

तुमच्यापैकी जे विज्ञानातून आलेत त्यांना आता कळलं असेल. ७८ आरपीएम हे नाव आहे, मोजमाप नाही. तबकडी जरा जोरात फिरवली की लय वाढते आणि सूरही चढतो. अर्धा स्वर चढायला वेग १.०५९५ पट व्हावा लागतो, म्हणजे ७८च्या ऐवजी ८२.६. फक्त साडेचार फेऱ्यांचा फरक! मी आकडे मांडले. अर्ध्या स्वराचे शंभर भाग करतात, त्यांना सेंट म्हणतात. साठ हर्ट्झ वीज असलेल्या देशांत वेग ७८.२६ धरत, पन्नास हर्ट्झवाल्यांत ७७.९२. त्याने फरक पडतो साडेसात सेंटचा. त्या काळी सगळीकडे ए म्हणजे ४४० हर्ट्झ नव्हता, तो आंतरराष्ट्रीय संकेत १९३९चा. जुना फ्रेंच संकेत ४३५चा. त्याने वीस सेंट. काही कंपन्या आधीच्या काळात ८० वेगावर मुद्रण करत, त्याने अडतीस. सगळं एकाच बाजूला ढकललं तरी शंभर सेंट होत नाहीत. म्हणजे माझा सिद्धांत वाचला? दोन दिवस मला तसं वाटलं. मग संग्राहकांना फोन केला. ते सहज म्हणाले, "अहो, ती तबकडी कधीच फुटली. ऐंशीच्या दशकात कॅसेटवर उतरवून घेतली होती. त्यावरून केलंय मी हे." तबकडी, मग कॅसेट, मग एमपी३. मध्ये कुठलं टेप-डेक, त्याची मोटर कशी होती, देवालाच माहीत.

हा प्रकार भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीबद्दल वाचलेल्यांना ओळखीचा वाटेल. १९१९ ते १९६६ एवढा काळ चाललेलं काम, बाराशेहून अधिक हस्तलिखितं. त्यातली मूळ युक्ती साधी आहे : दोन पोथ्यांत एकच चूक असेल तर त्या एका पोथीवरून उतरवल्या असण्याची शक्यता मोठी. चुकीवरून वंशावळ. जॅझमध्येही असं आहे. १९४२ पासून अमेरिकेत ट्यून-डेक्स नावाची छोटी कार्डं निघायची, रेडिओवाल्यांसाठी. एका बाजूला चाल आणि स्वरसंघांची नावं, दुसऱ्या बाजूला मालकी हक्काची माहिती. वादकांनी त्यांच्या चोरट्या प्रती काढून वह्या केल्या, त्या ‘फेक बुक’. पुढे १९७०च्या दशकाच्या मध्याला बॉस्टनच्या बर्कली कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी हाताने लिहून ‘रिअल बुक’ काढलं, तेही बेकायदा. २००४ मध्ये त्याची अधिकृत आवृत्ती आली. मधली तीस वर्षं जगभरच्या मुलांनी तेच पाठ केलं, त्यातल्या चुकांसकट. आज एखाद्या वादकाने एखादा ठरावीक चुकीचा स्वरसंघ वाजवला की तो कुठल्या वहीवरून शिकला ते जाणकार सांगतात.

मात्र महाभारताची उपमा मी शेवटपर्यंत ओढणार नाही. तिथे मागे मागे जात एका पाठाकडे सरकायचं असतं. इथे १९२४चा छापील कागद सहज मिळतो, पण तो म्हणजे काही ‘मूळ जॅझ’ नाही. वेदरफर्डने बदललं, टेटमने बदललं, आणि बदलणं हेच काम होतं. म्हणून इथला प्रश्न अवघड होतो : समोर दिसतोय तो फरक वादकाने केलाय, की यंत्राने, की नक्कल करणाऱ्याने? माझ्या बाबतीत, पट्टी वादकाने बदलली की टेप-डेकच्या मोटरने?

याचं उत्तर मला पहिल्यांदा मिळालं ते प्रयोगशाळेत नाही, घरी, रात्री साडेअकराला, हेडफोन लावून डिजिटल पियानोवर.

त्या बाजूच्या मधल्या भागात वादक एक छोटी हरकत तीनदा घेतो. कोमल गंधारावरून शुद्ध गंधारावर घसरतो, इतक्या झटकन की दोन स्वर वेगळे ऐकू येत नाहीत, एक ओरखडा ऐकू येतो. मला ती येईना. सॉफ्टवेअरने सांगितलेल्या पट्टीत, म्हणजे काळी एकला सा धरून, कोमल ग येतो पांढरी तीनवर आणि शुद्ध ग पांढरी चारवर. शेजारशेजारच्या दोन पांढऱ्या पट्ट्या. दोन बोटांनी वाजवली की हरकत जड होते, एकाने वाजवायला जागाच नाही. दहा-बारा वेळा करून वैतागले आणि, खरं सांगायचं तर, सोपं पडावं म्हणून अर्धा स्वर खाली उतरले. पांढरी एकला सा. आता कोमल ग काळी दोनवर, शुद्ध ग पांढरी तीनवर. बोट काळ्या पट्टीवरून घसरून आपोआप पांढरीवर पडलं. तोच ओरखडा!

काळी पट्टी उंच असते, पांढरी खाली. एकाच बोटाने काळीवरून पांढरीवर घसरता येतं, उलटं चढता येत नाही, आणि दोन पांढऱ्यांत घसरण्याला उतार नाही. म्हणजे ती हरकत पांढरी एकमध्ये हाताला सहज सुचणारी आहे आणि काळी एकमध्ये मुद्दाम मेहनत करून आणावी लागेल अशी. मधला भाग पांढरी एकमध्ये असेल तर पहिला भाग काळी चारमध्ये. छापील पट्टी. माझा वादक कुठेही गेला नव्हता.

रात्रीच मॅडमना मेसेज केला. सकाळी उत्तर : "छान. पण हा पुरावा नाही, ही शंका आहे. चांगला वादक दोन बोटांनीही तसं वाजवू शकतो." आणि हे खरंच आहे. माझ्या हाताला जे अवघड ते त्याच्या हाताला अवघड असेलच असं नाही. माझा तर दहावाही पोचत नाही! बोटांनी मला फक्त कुठे शोधायचं ते सांगितलं होतं. पुरावा वेगळा लागणार होता.

तो मिळाला विजेच्या गुणगुणीत. जुन्या मुद्रणात आणि नकलांमध्ये विजेच्या पुरवठ्याची एक बारीक गुणगुण उतरते. आपल्याकडे पन्नास हर्ट्झ. कानाला ती क्वचितच कळते, पण गाणं सुरू व्हायच्या आधीच्या दोन सेकंदांच्या शांततेचा वर्णपट काढला तर तिथे शिखर दिसतं. मी काढला. शिखर पन्नासवर नव्हतं, त्रेपन्नच्या किंचित खाली होतं. पन्नासने भागून बघा : १.०६च्या आसपास. अर्धा स्वर. म्हणजे ती गुणगुण ज्या टप्प्याला आत शिरली त्यानंतर कधीतरी सगळंच सहा टक्के जोरात फिरवलं गेलं. गुणगुण मूळ मुद्रणाची की कॅसेटवर उतरवतानाची, हे मला अजून सांगता येत नाही. पण या प्रश्नापुरतं दोन्हीतून एकच निघतं, कारण गाणं आणि गुणगुण एकत्रच पळवले गेलेत. पुढे शंका राहते ती तबकडीवरून कॅसेटवर येतानाच्या वेगाची, आणि तिथे मी ‘बहुधा’ असा शब्द लिहिलाय. तो शब्द लिहायला मला एक आठवडा लागला. गोव्याच्या व्हायोलिनवाल्यांचा माझा सुंदर सिद्धांत मात्र गेला. आकृतीसकट.

लय पण बदलली. पूर्वी मी लिहिलं होतं की वादक मिनिटाला १७० ठोक्यांनी वाजवतो, त्या काळाच्या मानाने घाईत. दुरुस्तीनंतर ती १६० झाली. १६०ला एक आवर्तन ४८ सेकंदांचं, चार आवर्तनं तीन मिनिटं बारा सेकंदांची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तेवढंच मावतं. म्हणजे तो घाईत नव्हता, बाजू भरेल अशा बेताने चार आवर्तनं मोजून बसला होता. हॉटेलात हेच गाणं तो दहा मिनिटंही वाजवत असेल, नाचणारे थांबेपर्यंत. तबकडीवर आलं ते तबकडीच्या मापाचं. हे वाक्य आता प्रकरणात आहे, खोडलेल्या अडीच पानांच्या जागी, आणि त्याला आकृती लागत नाही.

मॅडमनी एक सूचना केली ती तुमच्याही कामाला येईल. त्या म्हणाल्या, खोडलेली पानं फेकू नका, परिशिष्टात टाका, चूक कशी झाली त्यासह. सुरुवातीला मला लाज वाटली. मग लक्षात आलं की त्याच एमपी३वरून उद्या दुसरं कुणीतरी ए पट्टीचा सिद्धांत मांडणार आहे, कदाचित माझ्यापेक्षा छान आकृती काढून.

बाकी पियानोचं म्हणाल तर सोळा बार बसलेत. नवव्या बारची उडी आता पडल्यासारखी वाटत नाही. सोळाव्या बारला पांढरी एकमधून परत काळी चारला येताना मात्र डावा हात अजून अडखळतो. तिथे फक्त एका स्वरसंघाची जागा आहे, ई फ्लॅट सेव्हन, आणि तेवढ्यात घर बदलायचं असतं. सर म्हणतात, "तिथे मधला सूर धरून ठेव, जी, पांढरी पाच. तो दोन्ही घरांत आहे." खरंच आहे : एका घरात तो पंचम, दुसऱ्यात शिरताना त्या नव्या स्वरसंघाचा गंधार. या रविवारी तेवढंच करणार आहे, साठच्या लयीत, हेडफोन लावून. काकूंची दहावीतली मुलगी परीक्षेला बसलीये.